दस्तरखान : मेजबानही मेहमानांसोबत बसावी म्हणून

दावतीच्या दिवशी घरातली बाई सर्वांत कमी वेळ दिसते ती दस्तरखानावर. मेहमान येतात, सलाम-दुआ होते आणि ती पुन्हा कढईपाशी जाते. समोसे गरमच हवेत, कबाब तव्यावरून थेट ताटात पडायला हवेत, भजी निवली तर कुणी हात लावत नाही. नणंद सहा महिन्यांनी माहेरी आलेली असते, खाला लांबच्या गावाहून आलेली असते. पण बोलणे होते ते स्वयंपाकघराच्या दारातून, हातात झारा धरून. बिर्याणी, सालन, खीर हे सगळे आधी करून ठेवता येते. बाईला अडकवून ठेवते ते जेवणाआधीचे तळण.

या महिन्यात आम्ही त्या तळणाला पर्याय सुचवणार आहोत. तरुण वाचक भगिनींच्या पत्रांत अलीकडे डिपची विचारणा वारंवार होते. ग्वाकामोले घरी होते का, हमसला काय काय लागते, बाहेरच्यासारखे पांढरे डिप कसे करायचे, असे प्रश्न असतात. थोरल्या भगिनींना हे नाव परके वाटेल, पण वस्तू परकी नाही. डिप म्हणजे तोंडीलावणेच. फक्त ते ताटाच्या कडेला न वाढता वाटीत मधोमध ठेवायचे आणि भाकरीचा, रोटीचा किंवा काकडीचा तुकडा त्यात बुडवून खायचा. हे पदार्थ थंड किंवा साधेच खायचे असतात. आधी करून ठेवले तर त्यांचे काही बिघडत नाही, उलट काहींची चव वाढते. आमच्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी खुबी हीच आहे.

ग्वाकामोले आले कुठून

ग्वाकामोले मूळचे मेक्सिकोचे. तिथल्या नाहुआत्ल भाषेत ‘आवाकात्ल’ म्हणजे ॲव्होकाडो आणि ‘मोल्ली’ म्हणजे वाटलेले कालवण किंवा चटणी. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये तिथली राजधानी जिंकली. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक ॲव्होकाडो मिरचीबरोबर कुटून खात होते. कुटायला त्यांच्याकडे मोल्काहेते असते. तो ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा तीन पायांचा खल. दख्खनचा काळा दगडही लाव्ह्याचाच, तेव्हा आपला पाटा-वरवंटा त्याचा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही.

गंमत अशी की आज ग्वाकामोलेत जे पडते त्यातले निम्मे तिकडचे आणि निम्मे इकडचे. ॲव्होकाडो, मिरची आणि टोमॅटो हे अमेरिका खंडाचे. कांदा, कोथिंबीर आणि लिंबू हे जुन्या जगातले. ते स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले. मिरची आणि टोमॅटो त्याच काळात समुद्रमार्गे आपल्याकडे आले. म्हणून ग्वाकामोलेची पहिली चव घेताना आपल्या जिभेला ते अनोळखी वाटत नाही. लिंबू पिळलेली हिरवी चटणी लोण्यात कालवली तर जशी लागेल, साधारण तसे ते लागते.

फळ ओळखून घ्या

कोडगू, निलगिरी आणि वायनाड भागांत ॲव्होकाडो पिकतो. कन्नडमध्ये त्याला ‘बेण्णे हण्णू’ म्हणतात, म्हणजे लोणीफळ. हे दक्षिणेतले फळ बहुधा मोठे, हिरव्या गुळगुळीत सालीचे असते. बाजारात दुसरे दिसते ते बाहेरून येणारे ‘हास’ जातीचे. ते लहान, खरबरीत सालीचे असते. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या बागेत या जातीचे पहिले झाड वाढले आणि १९३५ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले.

दोन्हींची पारख वेगळी आहे. हास पिकले की त्याची साल हिरव्याची काळपट जांभळी होते. दक्षिणेतले हिरवे फळ पिकले तरी बहुधा हिरवेच राहते, म्हणून त्याच्या रंगावर जाऊ नका. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. थोडे दबले तर पिकले, अगदी खोल गेले तर उतरले. मधोमध बोट खुपसून पाहू नका. तिथे आतला गर काळा पडतो आणि तुमच्यामागून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते फळ मिळते.

ॲव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच पिकतो. म्हणून दावतीच्या चार-पाच दिवस आधी कडक फळे आणावीत आणि कागदी पिशवीत पिकल्या केळ्याबरोबर ठेवावीत. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर पिकतात. आंब्याची अढी घालणाऱ्या घराला हे वेगळे समजवायला नको. फळ वेळेआधी पिकले तर फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस थांबते. कच्चे फळ मात्र कापू नका. त्याचे ग्वाकामोले कडवट आणि गुठळ्यांचे होते.

कापताना एक खबरदारी घ्या. फळ तळहातावर धरून बीमध्ये सुरी मारण्याची पद्धत पडद्यावर छान दिसते, पण तिने हात कापलेली माणसे थेट इस्पितळात जातात. फळ पाटावर ठेवा, उभी सुरी बीभोवती फिरवा, दोन भाग पिळून वेगळे करा आणि बी चमच्याने उचला.

ग्वाकामोले : आठ जणांसाठी

पिकलेले मध्यम ॲव्होकाडो ३, लहान कांदा १, हिरव्या मिरच्या १ किंवा २, मूठभर कोथिंबीर, घट्ट टोमॅटो १, लिंबू १, मीठ पाऊण चमचा.

कांदा अगदी बारीक चिरा. त्यातला निम्मा कांदा, मिरची, निम्मी कोथिंबीर आणि मीठ खलबत्त्यात किंवा पाट्यावर ओबडधोबड वाटा. सगळी चव इथेच तयार होते. मीठ आणि दगड मिळून मिरची-कांद्याचा रस काढतात आणि तो पुढे गरात सगळीकडे मुरतो. नुसते चिरून कालवले तर एका घासाला तिखट लागते आणि दुसऱ्याला काहीच नाही.

आता ॲव्होकाडोचा गर त्यात घाला आणि काट्याने किंवा वरवंट्याने ठेचा. मिक्सर लावू नका. मिक्सरमध्ये त्याची गुळगुळीत लापशी होते. ग्वाकामोलेत मधूनमधून गराचा तुकडा दाताखाली यायला हवा. निम्म्या लिंबाचा रस घाला आणि चाखा, मग उरलेला हवा तेवढा घाला. शेवटी टोमॅटोच्या बिया आणि पाणी काढून बारीक चिरलेला गर, उरलेला कांदा आणि कोथिंबीर मिसळा. दक्षिणेतले फळ हासपेक्षा कमी तेलकट आणि जास्त पाणीदार असते. ते वापरत असाल तर टोमॅटो निम्मा करा आणि लिंबूही हात राखून घाला. जिरे, लसूण, काळी मिरी याची गरज नाही.

हिरवा रंग काळा पडतो तो हवेमुळे. कापलेले सफरचंद किंवा वांगे काळे पडते तसेच हे. लिंबाने ते लांबते, थांबत नाही. बी वाटीत ठेवल्याने काळे पडत नाही असे म्हणतात, पण बीखाली जेवढा गर झाकला जातो तेवढाच हिरवा राहतो. खरा उपाय हवा बंद करण्याचा आहे. खोलगट वाटीत ग्वाकामोले दाबून भरा, वर सपाट करा आणि प्लॅस्टिकचा पातळ कागद थेट गराला चिकटवून लावा, मध्ये हवेची पोकळी राहू देऊ नका. फ्रिजमध्ये असे चार-पाच तास ठीक राहते. तरी आमचा सल्ला असा की बाकीचे सगळे सकाळी करा आणि ग्वाकामोले तेवढे मेहमान येण्याआधी अर्ध्या तासाने. वाटण तयार असेल तर दहा मिनिटांचे काम आहे.

ॲव्होकाडो परवडला नाही तर

हा प्रश्न पत्रांत थेट विचारला जात नाही, पण आम्हाला तो दिसतो. एका परदेशी ॲव्होकाडोच्या किमतीत बहुतेक ठिकाणी अर्धा किलो काबुली चणे येतात. शिवाय जगात सर्वाधिक ॲव्होकाडो पिकवणाऱ्या मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतात या फळाच्या बागांसाठी पाइनची जंगले तोडली गेली आहेत, ही त्या हिरव्या वाटीची दुसरी बाजू आहे. हौस म्हणून एखाद्या ईदला जरूर करा. पण शेजारणीकडे ग्वाकामोले होते म्हणून आपल्याकडेही हवेच, असे मनावर घेऊ नका. मेहमाननवाजीची इज्जत फळाच्या भावावर ठरत नाही. पुढचे तीन डिप किराण्याच्या दुकानातल्या आणि मंडईतल्या वस्तूंत होतात, आणि चवीत ग्वाकामोलेपेक्षा तसूभर कमी नाहीत.

हमस

अरबीत हमस म्हणजे चणे. पूर्ण नाव ‘हमस बि तहिना’, म्हणजे तिळाच्या वाटणातले चणे. शाम, लेबनॉन, फलस्तीन, मिस्र या सगळ्या मुलखांत ते न्याहारीपासून दावतीपर्यंत चालते.

एक वाटी (२०० ग्रॅम) काबुली चणे रात्रभर भिजवा. सकाळी पाणी बदलून पाव चमचा खाण्याचा सोडा घाला आणि कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा. नेहमीच्या छोल्यांपेक्षा जास्त शिजायला हवेत, दोन बोटांत धरला तर चण्याचे पीठ व्हावे. इथे घाई केली तर हमस कितीही वाटले तरी रवाळच राहते.

तहिन्यासाठी अर्धी वाटी पांढरे तीळ मंद आचेवर भाजा. फक्त गरम होऊन वास सुटू द्या, लाल होऊ देऊ नका, नाहीतर कडवटपणा येतो. दोन-तीन चमचे बिनवासाच्या तेलात ते मिक्सरमध्ये पातळ होईपर्यंत वाटा. त्यात २ लसूण पाकळ्या, दीड लिंबाचा रस आणि मीठ घालून फिरवा. मग कोमट चणे घाला. मिक्सर चालू असताना बर्फाचे पाणी चमच्या-चमच्याने घालत जा. चार-पाच चमच्यांत हमस फिकट आणि हलके होते.

पसरट ताटलीत काढून चमच्याच्या पाठीने मध्ये आळे करा, त्यात चमचाभर ऑलिव्ह तेल, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर लाल तिखट. हमस फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, म्हणून इफ्तारच्या दिवसांत एकदा करून ठेवले की संध्याकाळची धांदल कमी होते. मेहमानांत लहान मुले असतील तर तिळाची ॲलर्जी कुणाला नाही ना, हे आधी विचारून घ्या.

मुतब्बल

हे आपल्या भरताचे शामी भावंड. कांद्या-मिरचीच्या फोडणीऐवजी त्यात तहिना आणि दही पडते. खानदेशातल्या भगिनींचे काम सोपे आहे, कारण जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे ते उगीच नाही. मोठे वांगे थेट जाळावर किंवा निखाऱ्यावर साल करपेपर्यंत भाजा. साल काढून गर चाळणीत पंधरा मिनिटे निथळत ठेवा. ही पायरी गाळू नका, पाणी राहिले तर डिप ताटलीत पसरते. एका मोठ्या वांग्याला २ चमचे तहिना, २ चमचे घट्ट दही, १ लसूण पाकळी, अर्धे लिंबू आणि मीठ. हे हातानेच कालवा. धुराचा वास हीच त्याची शान आहे, म्हणून दुसरा मसाला घालू नका.

चक्क्याचे डिप

बाहेर मिळणारे पांढरे डिप बहुधा मेयोनीज किंवा सावर क्रीमचे असते. सावर क्रीमच्या काही परदेशी डब्यांत जिलेटिन असते, तेव्हा घटकांची यादी वाचल्याशिवाय तो घेऊ नका. मेयोनीजचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ते कच्च्या अंड्याचे केले आणि उन्हाळ्यात बाहेर राहिले तर त्यात साल्मोनेला जंतू वाढू शकतात. याच कारणाने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये बंदी घातली. गरोदर बाई, लहान मुले आणि वयस्कर माणसे असलेल्या दस्तरखानावर घरी फेटलेले कच्च्या अंड्याचे मेयोनीज ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

श्रीखंडाचा चक्का ज्या राज्यात घरोघरी माहीत आहे, तिथे त्याची गरजही नाही. अरब मुलखात मीठ घालून टांगलेल्या दह्याला लबने म्हणतात, तो आपला चक्काच. एक किलो ताजे, गोडसर दही पंचात बांधून रात्रभर टांगा. गरमीचे दिवस असतील तर चाळणीत घालून फ्रिजमध्येच निथळू द्या. जवळपास निम्मा चक्का निघतो. त्यात किसून घट्ट पिळलेली एक काकडी, ठेचलेली १ लसूण पाकळी, चिरलेला पुदिना, मीठ आणि मिरपूड घाला. तुर्की आणि ग्रीक घरांत याच धर्तीचे तोंडीलावणे होते. उरलेले दह्याचे पाणी टाकू नका, पराठ्याची कणीक त्यात भिजवा.

बुडवायला काय

मेक्सिकोत मक्याच्या रोटीचे तळलेले तुकडे असतात. पाकिटातले चिप्स महाग आणि इतके खारट असतात की डिपची चव लागत नाही. सोलापूरकडची कडक भाकरी यासाठी अव्वल आहे. ज्वारीची असो की बाजरीची, ती डिपचे ओझे पेलते आणि मोडत नाही. ती नसेल तर कालच्या चपात्यांचे त्रिकोणी तुकडे करून मंद तव्यावर दाबून कुरकुरीत भाजा. गाजर, काकडी, मुळा, ढोबळी मिरची यांच्या बोटाएवढ्या फोडी करा आणि गार पाण्यात ठेवा. चिरण्याचे आणि भाजण्याचे हे काम मुलांनी आणि घरातल्या पुरुषांनी करावे. त्यात अवघड असे काहीच नाही.

वेळेचे गणित

आदल्या रात्री चणे भिजवा, दही टांगा. सकाळी हमस आणि मुतब्बल करून फ्रिजमध्ये ठेवा. दुपारी भाज्या आणि भाकरीचे तुकडे. मेहमान येण्याआधी अर्धा तास ग्वाकामोले आणि चक्क्याचे डिप. बारा जणांना यातले तीन प्रकार पुष्कळ होतात. चारही केले तर प्रत्येक निम्मा करा, उरून वाया जायला नको.

मोठे भांडे भरून ठेवण्यापेक्षा लहान वाट्या ठेवा आणि संपतील तशा फ्रिजमधून भरा. खोलीतल्या हवेत डिप दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, कडक उन्हाळ्यात एकच तास. बाहेर राहिलेली वाटी पुन्हा मोठ्या डब्यात ओतू नका, नाहीतर डब्यातलेही खराब होते. प्रत्येकाच्या ताटलीत एकेक चमचा डिप काढून दिले तर सर्वांत उत्तम. वाटी सामाईकच असेल, तर आपल्या समोरचे घ्यावे ही घरातल्या थोरांनी शिकवलेली अदब आहेच. चावलेला तुकडा पुन्हा वाटीत बुडवू नये, एवढेच मुलांना त्यात जोडून सांगा.

एवढे मांडून झाले की गॅस बंद असतो आणि स्वयंपाकघरात कुणाची गरज नसते. ‘तुम्ही सुरू करा, मी आलेच’ हे वाक्य त्या दिवशी म्हणू नका. सासूबाईंना किंवा थोरल्या जावेला सुरुवातीला चुकल्यासारखे वाटेल, कारण गरम कढईशिवाय दावत ही कल्पना त्यांच्या अंगवळणी नाही. त्यांना पहिली वाटी द्या, हमसमध्ये मीठ बरोबर आहे का ते विचारा आणि त्यांच्या शेजारीच बसा.

तुमच्या माहेरी किंवा सासरी असे आधी करून ठेवण्याजोगे कोणते तोंडीलावणे होते, ते मापासह लिहून कळवा. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या घरांतून आलेली पत्रे आम्ही पुढच्या अंकासाठी खास राखून ठेवणार आहोत.